स्विच बंद करून विचारलेला प्रश्न

नेदरलँड्समधल्या कुठल्याही क्रिंगलूपमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानात, पुस्तकांच्या फळीपाशी दहा मिनिटं उभे राहा. डिक स्वाब यांचं ‘वेइ झेइन ऑन्स ब्रेइन’ हाती लागायची बरीच शक्यता आहे. २०१० साली आलेलं हे पुस्तक इथे लाखोंनी खपलं. शीर्षकाचा अर्थ ‘आपण म्हणजे आपला मेंदू’, आणि उपशीर्षक ‘गर्भाशयापासून अल्झायमरपर्यंत’. डच शिकताना कुणी तुम्हालाही ते सुचवलं असेल. प्रकरणं छोटी आहेत, कारण त्यातला बराच मजकूर आधी एनआरसी हांडेल्सब्लाड या दैनिकात सदर म्हणून येत होता.

मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा पटलं. दुसऱ्या वाचनाच्या आधी याच देशातल्या डॉक्टरांनी लिहिलेले काही रुग्णवृत्तांत वाचून झाले होते, आणि मग शीर्षकापाशीच अडखळायला झालं. मराठीत ते सांगायला गेलं तर ‘आपण’ म्हणायचं की ‘आम्ही’? ‘आपण’मध्ये समोरचा येतो, ‘आम्ही’मध्ये येत नाही. डचमधल्या ‘वेइ’ला हा प्रश्नच पडत नाही. हा भाषेचा किस आहे असं वाटेल, पण थोडं थांबा.

स्वाब यांना हलकं लेखण्याचा हेतू नाही. १९७८ ते २००५ अशी सत्तावीस वर्षं ते ॲमस्टरडॅमच्या मेंदू संशोधन संस्थेचे संचालक होते. १९८५ मध्ये त्यांनी डच ब्रेन बँक सुरू केली. लोक जिवंतपणी संमती देतात, मृत्यूनंतर काही तासांत मेंदू काढला जातो आणि त्याचे नमुने जगभरच्या प्रयोगशाळांना पाठवले जातात. तुमच्यापैकी कुणी अल्झायमर किंवा पार्किन्सनवर काम करत असाल तर या बँकेचं नाव नवीन नसेल. अशा माणसाने सामान्य वाचकासाठी पुस्तक लिहिलं याचा आनंदच आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आपण जे विचार करतो, जे करतो आणि जे करायचं टाळतो, ते सगळं मेंदूतून घडतं. स्वभावाचा मोठा भाग गर्भातच ठरतो. स्वतंत्र इच्छा हा एक सुखद भ्रम आहे.

आपल्या घरांना या विचाराची गरज आहे, हे आधी मान्य करू या. मुलाला स्किझोफ्रेनिया झाला की आईच्या वागण्यात खोट शोधायची, नैराश्याला ‘रिकामपणाचे उद्योग’ म्हणायचं, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. ओसीडीला तर मराठीत जुना आणि नेमका शब्द आहे, मंत्रचळ. पण आपल्याकडे मंत्रचळाला लपायला जागाही भरपूर. सोवळं आहे, टापटीप आहे, देवापाशी पुन्हा पुन्हा म्हटलेली क्षमा आहे. दिवसाचे चार-चार तास हात धुणाऱ्या बाईला ‘फार स्वच्छतेच्या हो त्या’ म्हणून सगळे सोडून देतात, आणि त्यांच्या हातांची सालं निघालेली असतात. अशा घरात जाऊन ‘हा स्वभाव नाही, हा आजार आहे, मेंदूतला आहे’ असं कुणी सांगितलं तर केवढं ओझं उतरतं! स्वाब यांचं पुस्तक ते ओझं उतरवतं. आजारी माणसावरचा आणि त्याच्या आईबापांवरचा ठपका ते पुसून टाकतं.

माझी तक्रार त्याच्या पुढच्या पावलाबद्दल आहे. ‘आजार मेंदूत आहे’ इथून ‘माणूस म्हणजे मेंदू’ इथपर्यंतची उडी पुस्तक इतक्या सहज मारतं की मधलं अंतर दिसतच नाही. ते अंतर किती आहे हे मोजायचं साधन मात्र याच देशातल्या दवाखान्यांत आहे.

ते साधन म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन, डीबीएस. कवटीला दोन छोटी भोकं पाडून जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या दोन तारा मेंदूत खोलवर नेतात. तिथून कातडीखालून, कानामागून, मानेतून वायर खाली येते आणि छातीच्या वरच्या भागात बसवलेल्या बॅटरीला जोडली जाते. पेसमेकरसारखंच, फक्त हृदयाऐवजी मेंदूसाठी. सेकंदाला साधारण १३० वेळा विजेचा अगदी सौम्य ठोका. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोब्लला आलिम-लुई बेनाबिद यांनी कंप थांबवण्यासाठी ही पद्धत रुळवली. १९९९ मध्ये बेल्जियममधल्या लुव्हनला बार्ट नुटिन यांच्या गटाने ती ओसीडीसाठी वापरल्याचं प्रसिद्ध केलं. मग ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठ रुग्णालयात दामियान डेनिस यांच्या गटाने २०१० मध्ये सोळा रुग्णांचे निष्कर्ष मांडले. सोळापैकी नऊ जणांना ठळक फायदा झाला. २०२० मध्ये त्यांनीच सत्तर रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हाही साधारण निम्म्यांनाच तसा फायदा होता. ‘निम्म्यांनाच’ हा शब्द चुकला बहुतेक. ही सगळी माणसं औषधं, थेरपी, सगळं करून थकलेली होती. त्यांच्यातल्या निम्म्यांना उठवणं ही लहान गोष्ट नाही.

आमच्यासारख्या संशोधकांना डीबीएसचं वेगळंच आकर्षण आहे. याला स्विच आहे. गोळी पोटात गेली की गेली, पण इथे यंत्र चालू करता येतं, बंद करता येतं, रुग्णाला न सांगताही करता येतं. म्हणजे ‘माणूस म्हणजे मेंदू’ हे विधान तपासायची याहून चांगली सोय नाही.

पहिली साक्ष स्वाब यांच्या बाजूने आहे असं वाटतं. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅमच्याच मारिस्का मान्तिओने, मार्टेइन फिखे आणि डेनिस यांनी एका रुग्णाची गोष्ट छापली. साठीच्या आसपासचा गृहस्थ, चाळीसहून अधिक वर्षं ओसीडी. संगीताचा फार शौकीन कधीच नव्हता. ऐकलंच तर रोलिंग स्टोन्स, बीटल्स किंवा डच गाणी. डीबीएसनंतर काही महिन्यांनी रेडिओवर जॉनी कॅशचं ‘रिंग ऑफ फायर’ लागलं आणि माणूस बदलला. कॅशच्या सीडी आणल्या, डीव्हीडी आणल्या, दुसरं काही ऐकेना. प्रत्येक मनःस्थितीसाठी कॅशचं एक गाणं आहे, असं तो सांगे. आणि बॅटरी उतरली की कॅश नकोसा व्हायचा, रोलिंग स्टोन्स परत यायचे.

ही गोष्ट तुम्ही एखाद्या पार्टीत ऐकली असेल. ती नेहमी एकाच सुरात सांगितली जाते: बघा, आवडनिवडसुद्धा बॅटरीवर चालते! पण जरा हळू वाचा. विजेच्या ठोक्यात जॉनी कॅश कुठे आहे? तो रेडिओवर होता, तोही योगायोगाने. विजेने त्या माणसाला आवडून घेण्याची ताकद परत दिली. काय आवडावं हे एका रेडिओ केंद्राच्या त्या दिवशीच्या यादीने ठरवलं. त्या दुपारी दुसरं गाणं लागलं असतं तर? गोष्ट मजेची म्हणून फिरली, आणि ज्याला चाळीस वर्षं कशातच रमता येत नव्हतं तो एका गाण्यात रमला, हा तिचा गाभा वाटेत गळून गेला.

दुसरी साक्ष कमी गाजलेली, पण मला जास्त मोलाची वाटते. ॲमस्टरडॅमच्या रुग्णांमध्ये एक क्रम दिसायचा. यंत्र नीट जुळलं की मूड आणि चिंता लवकर सुधारायची. हात धुणं, कुलूप तपासणं मात्र तितक्या सहज सुटायचं नाही. मग कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी जोडली: समोर थेरपिस्ट, ‘आज दाराला हात लावायचा आणि धुवायचा नाही’, रडारड, पुन्हा प्रयत्न. तेव्हा कुठे मंत्रचळ आणखी उतरला. म्हणजे विजेने दार किलकिलं केलं, पण बाहेर पाऊल टाकायला कुणीतरी हात धरावा लागला. आणि हीच थेरपी शस्त्रक्रियेआधी याच लोकांवर वाया गेलेली होती! आता सांगा, बरं कशाने वाटलं, मेंदूने की माणसाने? प्रश्नच चुकीचा आहे असं तुमच्या लक्षात आलं असेल. स्वाब यांच्या पुस्तकात हा प्रश्न चुकीचा ठरत नाही, कारण तिथे दुसऱ्या माणसाला फारशी जागाच नाही.

नैराश्याच्या बाबतीतही वेळ आणि माणसं मध्ये आली. अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांमध्ये चालू आणि बंद यंत्रांत फरक दिसला नाही. ॲमस्टरडॅमच्या इसिडोर बर्गफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये पंचवीस रुग्णांचा अभ्यास छापला, आणि त्यांनी क्रम उलटा केला होता. आधी वर्षभरापर्यंत प्रत्येकाचं यंत्र त्याच्या-त्याच्या मेंदूला जुळवत बसले. दहा जणांना फायदा झाला. मग सोळा जणांवर कुणालाही न सांगता चालू-बंदची तुलना केली. फरक स्पष्ट होता. नमुना लहान आहे, तेव्हा जपून बोलायला हवं. तरी एवढं दिसतंच की मेंदूला ‘ठोका दिला, बरा झाला’ हे यंत्रातल्या नाण्यासारखं चालत नाही.

तिसरी साक्ष आली की माझ्यापुरतं पुस्तक मिटतं. ती मास्ट्रिख्टची आहे, २००४ साली डच वैद्यकीय साप्ताहिकात आलेली. बासष्ट वर्षांचा माणूस, पार्किन्सन अतिशय पुढे गेलेला. डीबीएस केलं, हालचाल सुधारली. पण यंत्र चालू असताना त्याला मॅनिया यायचा. भान सुटलेलं, निर्णयक्षमता गेलेली, औषधांनी आटोक्यात न येणारा. यंत्र बंद केलं की डोकं लख्ख, मूड ठीक, आणि शरीर पलंगाला खिळलेलं. मधली जागा नव्हती. एकीकडे शुद्धीत राहून नर्सिंग होममध्ये पडून राहणं, दुसरीकडे हिंडता-फिरता येणं पण मनोरुग्णालयात, बंद दाराआड.

डॉक्टरांनी काय करावं? चालू यंत्रातला माणूस निर्णय घ्यायला सक्षम नाही. म्हणून त्यांनी स्विच बंद केला आणि तेव्हाच्या माणसाला विचारलं. तो सक्षम होता. त्याने विचार करून दुसरा पर्याय निवडला: यंत्र चालू ठेवा आणि मला मनोरुग्णालयात ठेवा. मग कायदेशीर प्रक्रिया करून त्याला तिथे दाखल केलं गेलं.

पुन्हा वाचा. एका अवस्थेतल्या माणसाने स्वतःच्या दुसऱ्या अवस्थेतल्या माणसाला कोंडायला संमती दिली. डचमध्ये ओसीडीतल्या सक्तीला ‘ड्वांग’ म्हणतात, आणि इच्छेविरुद्ध केलेल्या उपचारालाही ‘ड्वांग’च. आतली सक्ती आणि बाहेरची सक्ती, शब्द एक. मास्ट्रिख्टच्या माणसाने बाहेरची सक्ती स्वतः मागून घेतली.

आता स्वाब यांचं वाक्य इथे लावून बघा. आपण म्हणजे आपला मेंदू. ठीक, पण कोणता? चालू की बंद? दोन्ही वेळा मेंदू तोच, कवटी तीच, फक्त मधल्या तारेत करंट आहे किंवा नाही. शुद्धीतला मेंदू ‘खरा’ म्हणावा तर तो मेंदू स्वतःहून सांगतोय की मला शुद्ध नको, पाय हवेत. आणि तो भ्रमात नव्हता. मेंदू कितीही बारकाईने तपासला तरी या दोघांपैकी कुणाचा शब्द अंतिम, हे त्यात लिहिलेलं सापडणार नाही. ते ठरवलं रुग्णाने आणि डॉक्टरांनी, कायद्याच्या चौकटीत. म्हणजे ‘आपण’ने ठरवलं, समोरच्याला धरून असलेल्या ‘आपण’ने. स्वाब यांचं ‘वेइ’ हा एकेकट्या मेंदूंचा ढीग आहे. त्याला मराठीत ‘आपण’ म्हणवत नाही.

तुम्ही म्हणाल, स्वाब कुठे म्हणतात की निर्णय एकट्याने घ्यावेत? बरोबर, म्हणत नाहीत. शिवाय मेंदू भोवतालाने घडतो हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. ते स्वतः १९४४ च्या डिसेंबरात, हिटलरच्या ताब्यातल्या ॲमस्टरडॅममध्ये, भुकेच्या हिवाळ्यात जन्मले, आणि त्या हिवाळ्याने गर्भातल्या बाळांवर काय परिणाम केले यावर त्यांनी लिहिलंही आहे. पण पुस्तकात भोवताल बहुतेक जन्माआधीच येतो आणि काम संपवून निघून जातो. साठाव्या वर्षी रेडिओ लागतो, थेरपिस्ट हात धरतो, न्यायाधीश सही करतो, हा भोवताल पुस्तकाबाहेर राहिला.

याच ॲमस्टरडॅम गटाबरोबर काम करणाऱ्या सान्नेके दे हान या तत्त्वज्ञ संशोधिकेने उलटी वाट धरली. तिने डीबीएस केलेल्या अठरा ओसीडी रुग्णांशी निवांत बोलून घेतलं. स्कोअर किती उतरला हे नाही, तर जगणं कसं बदललं. भरवसा वाढला, सतत स्वतःला तपासत राहणं कमी झालं असं लोकांनी सांगितलं. ‘मी आता जास्त मी वाटतो’ असंही बऱ्याच जणांनी सांगितलं, म्हणजे बॅटरी लावून! सगळ्यांना तसं वाटलं नाही. आणि घरच्यांनाही या नव्या माणसाशी जुळवून घ्यावं लागतं. तीस वर्षं ‘सांभाळणारी’ असलेल्या बायकोने आता काय व्हायचं? हे आकड्यांत येत नाही म्हणून कमी शास्त्रीय, असं कुणी म्हटलं तर मला पटत नाही.

हे सगळं आपल्याशी कुठे येऊन भिडतं ते सांगतो. पार्किन्सनसाठी डीबीएस मुंबईत दोन दशकांहून अधिक काळ होतंय. जसलोक रुग्णालयाचे डॉ. परेश दोशी यांचं नाव त्यात अग्रभागी आहे. म्हणजे इथे उट्रेख्टमध्ये किंवा आइंडहोवनमध्ये बसलेल्या आपल्यापैकी कुणाला तरी एक दिवस पुण्याहून व्हिडिओ कॉल येणार: ‘बाबांसाठी डॉक्टर डीबीएस म्हणतायत, तू त्या क्षेत्रातला, सांग.’ आणि कॉलवर आई असेल, काका असतील, डॉक्टर असतील, कॅमेरा मात्र बाबांकडे वळलेला नसेल. ‘बाबांचा मेंदू आता असा झालाय’ असं त्यांच्या देखत बोललं जाईल. माणूस म्हणजे मेंदू, आणि मेंदू बिघडलाय, म्हणजे माणसाला काय विचारायचं, हा तर्क करायला स्वाब वाचलेले असायची गरज नाही. तो आपल्या घरांत आधीपासून आहे. पुस्तक फक्त त्याला शास्त्राचा कोट घालतं.

भारतातला कायदा खरं तर याबाबत घरांपेक्षा पुढे आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ९६ व्या कलमानुसार मानसिक आजारासाठी मेंदूवर शस्त्रक्रिया करायची तर खुद्द रुग्णाची माहितीपूर्ण संमती आणि मंडळाची मंजुरी, दोन्ही लागतात. घरच्यांची सही पुरत नाही. याच कायद्याने शुद्धीत असताना आगाऊ सूचना लिहून ठेवायची आणि आपल्या वतीने बोलणारा माणूस नेमायची सोय दिली. नेदरलँड्सच्या कायद्यातही अशी ‘स्वतःला बांधून घेण्याची’ तरतूद आहे. मास्ट्रिख्टचा माणूस त्याच वाटेने गेला, एवढंच की त्याला स्विच होता.

स्मृतिभ्रंशाला स्विच नाही. तिथे मागच्या माणसाला परत बोलावून विचारता येत नाही. २०१६ मध्ये या देशात चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका बाईंना त्यांनी पूर्वी लिहून ठेवलेल्या विनंतीवरून इच्छामरण दिलं गेलं. त्याआधी कॉफीतून गुंगीचं औषध दिलं होतं, त्यांना न सांगता. डॉक्टरवर खटला झाला, २०१९ मध्ये निर्दोष सुटका झाली, आणि एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की काटेकोर अटी पाळून डॉक्टर अशा लेखी विनंतीवर पुढे जाऊ शकतो. लिहिणारी बाई आणि कॉफी पिणारी बाई, कुणाचं ऐकायचं? मला याचं उत्तर देता येत नाही. पण ‘आपण म्हणजे आपला मेंदू’ या वाक्याला तर प्रश्नही नीट विचारता येत नाही, कारण त्याच्या लेखी लिहिणारी बाई संपलेली आहे.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ तुम्ही पाहिला असेल. अल्झायमर झालेले संस्कृतचे प्राध्यापक हत्तीच्या मागे चालत हरवतात. मोहन आगाशे, जे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत, ती भूमिका करतात. माहुताची बायको चन्नम्मा त्यांना लेकरासारखं खाऊ घालते. तिला त्यांच्या मेंदूबद्दल काही माहीत नाही, त्यांच्या विद्वत्तेबद्दलही नाही. मुलगी मात्र हरवलेल्या वडिलांना शोधताना आधीचे वडील शोधत राहते. दोघींपैकी कोण बरोबर, हे सिनेमा सांगत नाही. दोघींना त्या एकाच माणसाभोवती उभं करतो. स्वाब यांच्या सहा-सातशे शब्दांच्या नेटक्या प्रकरणांत असं कुणाभोवती कुणी उभं राहत नाही.

तरीही पुस्तक मिळालं तर घ्या. क्रिंगलूपमध्ये दोन युरोंच्या वर जाणार नाही, आणि डचही सुधारेल. दे हान यांचे लेख प्लॉस वनमध्ये फुकट वाचायला आहेत, ते सोबत ठेवा. वाचून झालं की शीर्षकाचं मराठी करून बघा. ‘आपण’ लिहिलंत की ‘आम्ही’, ते आम्हाला कळवा.